ऑफिसवाल्यांना घरून काम दिलं तर फ्लोअरवरच्या पोरांना काय द्यायचं?

वर्कशॉप_भोसरी

नमस्कार मंडळी, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, पंप आणि व्हॉल्व्हचे मशीनिंगचे पार्ट बनवतो. सगळी मिळून तीसेक माणसं, त्यातली आठ-दहा डिझाइन, परचेस, अकाउंट्सला आणि बाकीची सीएनसी-व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर), इन्स्पेक्शनला, डिस्पॅचला. माणसं टिकत नाहीयेत हो. पगार वेळेवर देतो, बोनस देतो, पण चाकणच्या मोठ्या कंपन्यांशी पगारात बरोबरी आपल्याला परवडत नाही, मग दुसरं काय देता येईल हा विचार सुरू आहे. डिझाइनमधली एक फार चांगली मुलगी बाळंतपणानंतर परत आली आणि काही महिन्यांत सोडून गेली. कारण विचारलं तर म्हणाली सर, साडेआठचं पंचिंग मला जमतच नाही, पाळणाघर नऊला उघडतं. एवढ्यासाठी माणूस गेलं याचं फार वाईट वाटलं.

म्हणून डिझाइन-परचेसला आठवड्यातून दोन दिवस घरून काम आणि येण्याजाण्याची वेळ थोडी सैल करायची असं डोक्यात आहे. पण आमचा सुपरवायझर म्हणतो साहेब, एसीत बसणाऱ्यांना घरी बसून पगार आणि मशीनवरच्याला दहा मिनिटं लेट झालं तर हाफ डे, पोरं काय म्हणतील? त्याचं म्हणणं मला पटतंय. मशीन काही घरी नेता येत नाही. कोणी असं दोन्हीकडे सांभाळलंय का? नीट अनुभव सांगा.

चिंचवडची_एचआर

सर, आधी एक करा, जे टिकलेत त्यांना एकेकट्याने बसवून विचारा की तुमच्या दिवसात सगळ्यात अडचणीची वेळ कुठली. सोडून जाताना माणूस खरं कारण सांगतोच असं नाही, तुमची ती मुलगी बोलली हे तुमचं नशीब. मी छोट्या कंपन्यांसाठीच एचआर बघते आणि बहुतेक वेळा कारण पगार नसतो, शाळेची व्हॅन, पाळणाघर, आईवडिलांचं डायलिसिस, नाशिक फाट्याचं ट्रॅफिक हे असतं. घरून काम हा त्यातला एक उपाय, सगळ्यावरचा नाही.

डिझाइनला अकरा ते चार सगळे हजर, बाकीचे तास आपल्या सोयीने आधी नाहीतर नंतर, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. घरून कामाबद्दल शंका असेल तर ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत झालेला प्रयोग बघा, 2024 मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये छापून आलाय. 1,612 माणसं, जन्मतारखेच्या सम-विषम आकड्यावरून दोन गट केले, एका गटाला बुधवार-शुक्रवार घरून. राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले आणि नंतरच्या रिव्ह्यूत किंवा बढतीत काही फरक पडला नाही. फायदा जास्त कुणाला झाला तर बायकांना, लांबून येणाऱ्यांना आणि मॅनेजर नसलेल्यांना. म्हणजे ज्याच्याकडे अधिकार कमी त्याला या दोन दिवसांची किंमत जास्त, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ते ऑफिसातले लोक होते हे खरं, पण तुमच्या डिझाइनला लागू पडेल.

फ्लोअरचं मात्र फ्लोअरवाल्यांनीच सांगावं.

सातपूर_सुपरवायझर

फ्लोअरवाला मीच आहे, सेटर म्हणजे मशीन सेट करून देणारा म्हणून लागलो आणि आता दोन शिफ्ट बघतो. दादा, तुमचा सुपरवायझर बरोबर बोलतोय पण पोरांना घरून काम नकोच असतं, त्यांना पुढच्या आठवड्यात आपण कुठल्या पाळीत आहोत ते आधी कळायला पाहिजे असतं. शनिवारी संध्याकाळी फोन करून सोमवारी सेकंड शिफ्टला ये सांगायचं, मग त्याने लग्नाला जायचं ठरवलेलं, बायकोला दवाखान्यात न्यायचं ठरवलेलं, सगळं बोंबललं. आम्ही दोन आठवड्यांचं शिफ्टचं वेळापत्रक बोर्डावर लावतो आणि ते शक्यतो हलवत नाही, अर्जंट ऑर्डर आली तर विचारून हलवतो आणि जो थांबतो त्याला डबल रेटने ओव्हरटाइम. डबल रेट तर कायद्यानेच आहे, उपकार नाही, पण खूप ठिकाणी तो कॉम्प-ऑफमध्ये, म्हणजे पैशाऐवजी बदली सुट्टीत, गुंडाळतात आणि पोरांना ते बरोबर कळतं.

दुसरं, अदलाबदल. दोन ऑपरेटरांनी आपसात पाळी बदलायची असेल तर बदलू दे, अट एवढीच की दोघांना ती मशीन येत असली पाहिजे, आदल्या दिवशी माझी सही आणि सलग दोन पाळ्या कुणी करायच्या नाहीत. हे जमायला आधी कोणाला काय येतं त्याचा तक्ता करावा लागतो. एक मशीन एकालाच येत असेल तर तो माणूस कधीच सुट्टी घेऊ शकत नाही आणि मग तोच कंटाळून जातो, हे मी डोळ्याने बघितलंय. हळूहळू प्रत्येक मशीनवर तीन माणसं तयार करा, त्यात दोन-तीन महिने प्रॉडक्शन जरा मार खातं पण नंतर डोकं शांत राहतं. पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोघं मशीनवर एकत्र असले पाहिजेत, ऑफसेट (मशीनमध्ये भरलेलं टूलचं माप) कुठला बदलला, कुठला इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) घासलाय ते तोंडी सांगून जायला, नाहीतर पहिलेच दोन जॉब रिजेक्ट.

आणि तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही ती म्हणजे शेती. आमच्याकडे निम्मी पोरं दिंडोरी-निफाडची, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीला त्यांना घरी हात लागतातच. पूर्वी ती सरळ दांडी मारायची, मग मेमो, मग भांडण. आता वर्षाच्या सुरुवातीला ज्याने त्याने आपल्या गावच्या जत्रेची तारीख आणि शेताचे दिवस लिहून द्यायचे आणि सुट्ट्या तशा वाटायच्या. तुमच्याकडे मावळ-खेडची पोरं असतील तर जुलैत भात लावणीचं विचारून बघा. यात पैसा जात नाही, नुसतं आधी विचारायचं आहे.

बारा-बारा तासांच्या चार पाळ्या आणि तीन दिवस सुट्टी असं हल्ली कोणी कोणी सुचवतं, ते मशीनवर करू नका. दहाव्या तासाला माणसाचा हात कुठे जातो ते सांगता येत नाही.

चाकण_टूलरूम

मी थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे डिझाइनला घरून काम दिलेलं आहे, बंद करणार नाही, पण नव्या पोराला पहिलं वर्ष देऊ नका. डिप्लोमा करून आलेला मुलगा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, कुठे घट्ट ठेवायचा आणि कुठे सोडायचा हे पुस्तकातून शिकत नाही, मशीनवर जाऊन सेटरच्या शिव्या खाऊन शिकतो. घरी बसला तर ड्रॉइंग सुंदर येतं आणि टूल आत जात नाही. दुसरं म्हणजे रिव्हिजन, ड्रॉइंगची सुधारलेली आवृत्ती. घरच्या लॅपटॉपवर जुनं रिव्हिजन राहिलं आणि तेच फ्लोअरवर गेलं तर सगळा लॉट भंगारात, त्यामुळे फाइल एकाच जागी राहतील ही सोय आधी, सवलत नंतर.

आणि सगळ्यांना घर आवडतंच असंही नाही. वरच्या ताईंनी ज्या चिनी कंपनीचं सांगितलं तिच्याच शांघायच्या कॉल सेंटरमध्ये 2010 ला आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलेलं, काम 13 टक्क्यांनी वाढलं, सोडून जाणारे निम्म्यावर आले, पण शेवटी पुन्हा निवडायला सांगितलं तर निम्म्याहून जास्त लोकांनी आपला आधीचा पर्याय बदलला, घरी एकटं वाटतं म्हणून बरेच जण परत ऑफिसला आले. वन बीएचकेत सासू-सासरे आणि दोन मुलं असताना डिझाइनरने बसायचं कुठे? ज्याला यायचंय त्याचं टेबल काढून घेऊ नका.

कॅडवाली_आई

तुमच्या त्या मुलीच्या जागी मी होते असं समजा, कंपनी वेगळी. मी टिकले कारण मला साडेनऊ ते साडेतीन असं ठरवून मिळालं आणि ते पत्रात लिहून मिळालं. तोंडी सवलत असली की रोज साडेतीनला उठताना चोरासारखं वाटतं, कुणीतरी घड्याळाकडे बघतंच. लेखी असलं की मान वर करून जाता येतं. पगार तासांच्या प्रमाणात कमी झाला, ते मला मान्य होतं. जे मान्य नव्हतं ते म्हणजे इन्क्रीमेंटच्या वेळी मला पूर्ण वेळवाल्यांच्या खाली टाकणं, त्यावर मी भांडले आणि साहेबांनी ऐकलं. तुम्ही हे आधीच लिहून ठेवा सर, की कमी तास म्हणजे कमी दर्जा नाही.

2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा 26 आठवडे आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच दुरुस्तीने रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालक आणि बाई दोघांच्या संमतीने घरून काम करता येईल अशी तरतूद आली, ती फार थोड्या मालकांना माहीत असते. पाळणाघराची सक्ती 50 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर आहे, तुम्हाला नाही लागू. पण शेजारच्या चार-पाच युनिटांनी मिळून एखाद्या पाळणाघराला सव्वाआठला उघडायला सांगितलं तर ते उघडेल ना? माझी कळकळीची विनंती आहे, विचारून बघा.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून फ्लेक्सिबल कामासाठी अर्ज करता येतो, वर्षात दोनदा, आणि मालकाने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं. हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही, नाकारता येतं पण ठरलेल्या कारणांपैकी एक द्यावं लागतं. मी वेअरहाऊसमध्ये टीम लीडर आहे, माझ्या फ्लोअरवरच्या लोकांनीही अर्ज केलेत, कुणाला फक्त शुक्रवारची लेट शिफ्ट नको होती, कुणाला मुलाला शाळेत सोडून अर्धा तास उशिरा यायचं होतं. यातलं बरंचसं देता आलं. तुमच्याकडे कायदा नसला तरी ही पद्धत उचलता येईल, एकच साधा फॉर्म ऑफिसला आणि फ्लोअरला, लेखी उत्तर, ठरावीक दिवसात. सुपरवायझरची शंका त्याने बरीच कमी होईल, कारण दार सगळ्यांना सारखंच उघडं आहे.

वर्कशॉप_भोसरी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल सुपरवायझरला बसवून सातपूरच्या दादांचा मेसेज वाचून दाखवला. तो म्हणाला जत्रेची यादी मी उद्याच करतो. आणि त्याने एक नवीनच सांगितलं, आपल्याकडे विजेच्या वाटपामुळे आठवड्याची सुट्टी गुरुवारची आणि पोरांची मुलं शाळेत, रविवारी मुलं घरी तर बाप मशीनवर. म्हणजे मुलांसोबत पूर्ण दिवस कधी मिळतच नाही. हे इतकी वर्षं माझ्यासमोर होतं. आता महिन्यातून एक रविवार आळीपाळीने प्रत्येकाला देता येतो का बघतोय, त्यासाठी त्या दादांनी सांगितलेला तक्ता आधी करावा लागणार. लेटसाठी हाफ डे बंद करून महिन्याला ठरावीक मिनिटांची सूट, ऑफिस आणि फ्लोअर दोन्हीला एकच नियम, एवढं तर पुढच्या महिन्यापासून नक्की.

त्या मुलीला फोन केलाय, कमी तासांवर यायचा विचार करते म्हणाली. एक शंका, पगार तासांच्या प्रमाणात कमी केला तर ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) काय?

चिंचवडची_एचआर

ईएसआयच्या हिशोबाचा महिन्याचा पगार 21,000 पर्यंत आला तर ईएसआयमध्ये घ्यावं लागेल, अर्धवेळ आहे म्हणून सूट नाही. पगारातून तिचा हप्ता 0.75 टक्के आणि तुमचा 3.25. तिला आकडा ठरवण्याआधीच हे सांगा, हातात किती येणार ते कळलं पाहिजे. आणि फोन केलात हे फार बरं केलंत सर, पत्राचा मसुदा हवा असेल तर मेसेज करा, मी बघून देते.