उत्तर: झाडाचं औषध म्हणजे साइड इफेक्ट नाही?

वर कोणीतरी लिहिलंय की झाडातलं अल्कलॉइड (झाडात तयार होणारं, शरीरावर परिणाम करणारं रसायन) नॅचरल असतं म्हणून बाधत नाही, त्यावर नरक्याचं उदाहरण देतो, आपल्याच सह्याद्रीतलं झुडूप, फुलांना घाण वास. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं अल्कलॉइड असतं, कॅन्सरच्या पेशी मारणारं. हे आधी चिनी झाडाच्या सालीतून 1966 मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी काढलं, आणि हे मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे बरं का! पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवायला एक एन्झाइम त्याचा एक धागा कापतं नि परत जोडतं, कॅम्प्टोथेसिन तिथेच पाचर मारतं, धागा तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. मस्त वाटतं ना ऐकायला? पण सुरुवातीच्या ट्रायलमध्ये पेशंटना लघवीतून रक्त, भयंकर जुलाब, शेवटी ट्रायल बंदच करावी लागली. मग रेणूत बदल करून टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं आली, ती आजही वापरतात आणि इरिनोटेकॅनने आजही जुलाब होतातच, डॉक्टर आधीच गोळ्या देऊन ठेवतात. त्यामुळे नरक्याचा काढा वगैरे कोणी सुचवला तर प्लीज नका घेऊ. आणि तोडीमुळे जंगलात आधीच कमी झालाय तो, बिचारा.