एका दिवसात कोमेजणारं पांढरं ऑर्किड कोणतं?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): वळीव पडून गेला आणि आठवड्याभराने बाल्कनीतलं डेंड्रोबियम सकाळी एकदम फुललं. पांढरी, सुवासिक फुलं, पाकळीवर पिवळा डाग. संध्याकाळी माना टाकल्या! खोड खाली फुगीर, शेंडा बिनपानांचा. नर्सरीवाला नुसतं 'डेंड्रो' म्हणतो.

उत्तर: ताई, ते वाळकट शेंडे कापू नका हं, फुलं तिथेच येतात. हे डेंड्रोबियम क्रुमेनाटम, म्हणजे पिजन ऑर्किड. पावसाने तापमान ५-६ अंशांनी झटकन उतरलं की साधारण ९ दिवसांनी परिसरातली सगळी एकाच दिवशी उमलतात.

उत्तर: मातीत नको, कोळसा आणि नारळाच्या सोडणात लावा. आपली डिसेंबरची थंडी त्याला सोसायची नाही, रात्री घरात घ्या.

प्रश्नकर्ती: शेजारणीला शेंडे कापूनच रोप दिलंय, आता?

उत्तर: नवा कोंब येईल, थांबायला सांगा.