पत्ता वाचा, वय कळेल

जुन्या भांड्यावर साल कोरलेलं नसेल तर त्याचं वय सांगता येत नाही, असं म्हणतात, पण ते आपल्या खानदेशातल्या वस्तूंना तितकंसं लागू नाही. भांड्यावर कोरलेल्या नावाखालचा पत्ता वाचा. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले आणि १९६० मध्ये पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. म्हणजे पत्त्यात 'पू. खा.' (पूर्व खानदेश) दिसलं की साधारण ती मधली चोपन्न वर्षं. (जुन्या सवयीने नंतरही कोणी तसं लिहिलं असेल, तेवढी सूट ठेवायची.)

अमळनेरच्या बाजारात मोडीच्या ढिगात मला एक पितळी डबा मिळाला. झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं एका बाईचं नाव, खाली 'मु. पारोळे, पू. खा.' वजनावर पैसे दिले, पण घरी येईपर्यंत तो मांडीवरच धरून बसलो होतो. रुखवतात आला असेल का, तिने त्यात काय ठेवलं असेल, अजून मनात येतं. आणि एक विनंती, असं काही सापडलं तर चिंच लावून खसाखसा घासू नका. ती टिंबं आधीच उथळ असतात, दरवेळी थोडी झिजतात. मी फक्त मऊ कापडाने पुसतो.