नाशिकला भावासाठी खोली हवी, मदत करा

नमस्कार मंडळी. आम्ही सुरगाण्याकडचे. धाकट्या भावाला अमृतधामजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ॲडमिशन मिळालीय, पण आदिवासी विभागाच्या वसतिगृहात नंबर लागला नाही. आता त्याऐवजी सरकारच्या स्वयम योजनेचा अर्ज भरतोय. जेवणा-राहण्याचे पैसे थेट खात्यात येतात, पण हप्ता कधी पडेल याचा भरवसा नाही, तोवर भाडं खिशातूनच.

रविवारी आम्ही पंचवटीत दिवसभर फिरलो. फोनवर सगळे गोड बोलतात, समोर गेल्यावर "कोण तुम्ही, गाव कुठलं, मटण-मासे खाता का?" एका एजंटाने तर खोली दाखवण्याआधीच पाचशे रुपये घेतले आणि नंतर फोन उचललाच नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोड आपल्या बजेटबाहेर.

दोघा-तिघांत मिळून खोली चालेल, माणशी अडीच-तीन हजारांपर्यंत. आडगाव नाका, हिरावाडी, म्हसरूळकडे कुणाच्या ओळखीत आहे का? निमाणी स्टँडवरून सिटीलिंक बस मिळाली तरी पुरे. मेसचा डबाही सुचवा, नागलीची भाकरी मिळाली तर पोरगं खूश!

आणखी एक. २०२७ च्या सिंहस्थात मालक मध्येच खोली खाली करायला लावतील, असं काहीजण म्हणतात. अकरा महिन्यांच्या करारात त्यासाठी काय लिहून घ्यावं? स्वयमसाठी भाडेकरार जोडावा लागतो का, हेही कुणी भरलं असेल तर सांगा.