यंत्रमागाच्या खडखडाटात मुलाखत कशी रेकॉर्ड करावी? मदत हवी आहे

नमस्कार. सोलापुरात एम.ए.ला समाजशास्त्र शिकवतो. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून एसटीने येणारी मुलं बरीच, म्हणून प्रवासात ऐकता येतील असे २० मिनिटांचे पॉडकास्ट करतोय. मोनो, ६४ केबीपीएसला फाइल साधारण १० एमबीची होते, त्यामुळे डेटाची अडचण नाही.

अडचण मुलाखतींची आहे. विद्यार्थ्यांनी पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांशी बोलून फोनवर रेकॉर्डिंग केलं (लेखी संमती घेतली आहे). मागांच्या खडखडाटात बोलणं पार बुडतं. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन करून पाहिलं; एकसारखी घरघर कमी झाली, ठोके तसेच राहिले आणि माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. हाय-पास फिल्टरनेही (खालच्या पट्टीचे आवाज गाळणारा) फारसा फरक नाही.

लेखी मजकूर ब्लॉगवर टाकतोच. पण या कामगारांची तेलुगू वळणाची मराठी मुलांनी कानांनी ऐकावी, माझ्या दृष्टीने खरा पाठ तोच आहे.

पुन्हा रेकॉर्डिंग जमेल, पण माग चालू असतानाच. माग थांबवला की त्यांची मजुरी बुडते, ते मला नको आहे. बजेट २००० रुपये, रेकॉर्डिंग फोनवरच.

अशा जागी कॉलर माइक चालेल, की तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइकच घ्यावा? आणि तो फोनला जोडायला नेमकं काय लागेल?