पेंडलबरी मिडफिल्डला एवढी वर्षं टिकला कसा?

मेलबर्नला_नवा
मंडळी, मेलबर्नला येऊन दीड वर्ष झालं, ऑफिसातला एक जण कट्टर कॉलिंगवूड क्लबवाला आहे आणि त्याच्या नादाने मलाही फुटीचं (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं) वेड लागलंय. तो रोज त्यांच्या मिडफिल्डर स्कॉट पेंडलबरीचं पुराण लावतो, चारशेच्या वर मॅचेस, चारशेच्या वर मॅचेस. मी म्हटलं आमच्या सचिनने २०० टेस्ट खेळल्यात बाबा, तर असा बघितला की जणू त्याच्या कॉफीत मीठ टाकलं मी. एवढं मोठं आहे का हे खरंच? आणि मिडफिल्डर म्हणजे सगळ्यात जास्त पळणारा नि सगळ्यात जास्त आपटला जाणारा ना, मग हा टिकला कसा?

दहा_नंबर
हिशोब कर ना भाऊ. वर्षाला २२-२३ मॅचेस, फायनल्सला गेलात तर अजून तीन-चार, म्हणजे ४०० व्हायला एकही न चुकवता सतरा-अठरा वर्षं लागतात. आणि मिडफिल्डर मॅचला बारा-तेरा किलोमीटर पळतो, वर चहूबाजूंनी टॅकल, हेल्मेट नाही, पॅड नाही. पेंडलबरीची पहिली मॅच २००६ ला, चारशेवी ऑगस्ट २०२४ ला कार्लटनविरुद्ध, ती पण ३ पॉइंटने जिंकली. त्याच्याआधी चारशे गाठणारे फक्त पाच जण.

टिकला कसा, तर माझं मत, तो मार खातच नाही फारसा. मूळचा बास्केटबॉलवाला, चांगली स्कॉलरशिप सोडून फुटीत आला (ती जागा पुढे बास्केटबॉलपटू पॅटी मिल्सला मिळाली म्हणतात). बॉल हातात आला की इतर जण घाईघाईत लाथ मारून मोकळे होतात, हा थांबतो, हँडबॉलची (मुठीने मारलेल्या पासची) हूल देतो, समोरचा भलतीकडे झेपावतो आणि हा शांतपणे डाव्या पायाने पास. वेगवान कधीच नव्हता, त्यामुळे पस्तिशीत वेग गेला म्हणून काही बिघडलंच नाही, असलं तर जाणार ना! २०१० ची ग्रँड फायनल टाय झाली, पुढच्या शनिवारी परत खेळवली, त्यात नॉर्म स्मिथ मेडल (ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं) याला. मग २०१४ ते २०२२ कॅप्टन. दुसरं विजेतेपद थेट २०२३ ला, १३ वर्षांनी, तोच क्लब.

सुट्टी_नाही
कौतुक मान्य, पण टिकाऊ म्हणजे काय हे आधी ठरवा. पेंडलबरीच्या मधेमधे दुखापतींनी मॅचेस गेल्यात. त्याच टीममधला जॅक क्रिस्प बघा! २०१४ च्या शेवटी ब्रिस्बेनकडून आला, आपला डेन बीम्स देऊन त्या बदल्यात दोन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) आणि वर हा, भाजीवर कोथिंबीर घालतात तसा. तेव्हापासून गडी बाहेर बसलाच नाही. लागोपाठ २४४ मॅचेसचा जिम स्टाइन्सचा विक्रम १९९८ पासून तसाच होता, तो याने २०२५ मध्ये मोडला. ताप, सर्दी, बरगडी काहीही असो, शनिवारी हजर. आमच्या गावच्या एसटी ड्रायव्हरची आठवण येते मला.

दहा_नंबर
कोथिंबीर 😂 पण तू म्हणतोस ती हजेरी झाली. मी म्हणतोय ते वेगळं, त्याच जागी राहून सगळ्यात जास्त वेळा बॉल खेळणं. डिस्पोजल्सचा (किक अधिक हँडबॉल) विक्रम सेंट किल्डाच्या रॉबर्ट हार्वीचा होता, तो पेंडलबरीने २०२३ मध्ये मागे टाकला. आणि गंमत म्हणजे हाच हार्वी २०२१ मध्ये काही महिने कॉलिंगवूडचा हंगामी कोच होता, म्हणजे ज्याचा विक्रम मोडायचाय तोच बाहेरून सूचना देतोय.

बूमर_फॅन
दुसऱ्या हार्वीला विसरलात का लगेच? ब्रेंट हार्वी, नॉर्थ मेलबर्न, उंची १६७ सेंटिमीटर, १९९६ ते २०१६, ४३२ मॅचेस. मायकल टकचा ४२६ मॅचेसचा विक्रम मोडला त्याच सीझनमध्ये क्लबने सांगितलं, पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट नाही. अडतिसाव्या वर्षी पण त्याला खेळायचंच होतं हो. शरीराने नाही, क्लबने थांबवलं त्याला. माझा अजून राग गेलेला नाही.

मेलबर्नला_नवा
बापरे, सचिनचं उदाहरण मागे घेतो. २०१० ची ती परत खेळवलेली मॅच बघतो आज रात्री, ती हूल दिसेल ना त्यात?

दहा_नंबर
हूल दिसेल, पण कॅमेरा बॉलच्या मागे धावतो, त्यामुळे हा आधीच कुठे जाऊन उभा राहिलाय ते टीव्हीवर कळत नाही. एमसीजीला जाऊन एकदम वरच्या मजल्यावर बस, स्वस्त पण पडतं. जॅकेट घेऊन जा, वर वारा फार.