पाव टनी ट्रॉलीचं चाक खोलायचंय, कुठले नट सोडू?

जांबोटीचा शेतकरी:
बेळगावात जुन्या बाजारातनं मिलिटरीच्या जीपमागची पाव टनी ट्रॉली घेतलीय. रानातनं काजूची पोती आणायला. पाटे धड आहेत, पण डावं चाक फिरवलं की आतनं करकर वाजतं. रिम दोन भागांची आहे. मधे पाच नट, बाहेरनं गोल आठ. टायरवाला म्हणतो, सगळेच सोडा. सोडू का?

माजी हवालदार, खानापूर:
भावा, थांब. त्या आठांना पाना लावू नकोस! रिमचे दोन भाग त्यांनीच एकत्र धरलेत. टायरात हवा असताना ते सुटले तर रिम अंगावर येते. आमच्या एमटीत, म्हणजे लष्कराच्या गाड्यांच्या विभागात, एका पोरानं घाईत सोडले होते. त्याचा कोपर पुन्हा सरळ झाला नाही. त्या दिवशी मी चार पावलांवर उभा होतो, म्हणून कळकळीनं सांगतोय.

चाक काढायला मधले पाचच. टायर उतरवायचा असेल तरच आठ, आणि तेही आधी व्हॉल्व्हची पिन काढून, टायर हातानं दाबून पार बसलाय याची खात्री करून.

आवाज बेरिंगचा असणार. बेरिंग रॉकेलनं धू, उजेडात धर. रोलर निळे पडले असतील किंवा खड्डे दिसले तर बाहेरच्या वाटीसकट बदल. गिरीस वरनं फासून भागत नाही. तळहातावर गोळा घ्यायचा, बेरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूनं गिरीस वर येईपर्यंत. मग चाक फिरवत आसाच्या टोकाचा मोठा नट आवळ, जड झालं की थोडा मागे घे. तो नट अडवणारी कॉटर पिन नवीनच घाल.

ट्रॉलीच्या तळाला पाणी सोडायची बुचं आहेत का बघ. असली तर पावसाळाभर काढून ठेव, नाहीतर आपल्याकडच्या पावसात पत्रा दोन वर्षांत जातो.

उद्यमबाग वेल्डिंगवाला:
हवालदारकाकांचं शंभर टक्के खरं. ट्रॉली ओढायची पुढची गोल कडी कापून तिथं बॉलचा कपलर (गोळ्यावर बसणारा जोड) वेल्ड करायला सांगू नका, मी तरी करून देत नाही. आधी कडीला तडा आहे का बघा. कडी चांगली असेल तर जीपलाच त्या कडीत अडकणारा हुक नटबोल्टनं बसवा. लाईट २४ व्होल्टची असेल तर तुमच्या १२ व्होल्टच्या गाडीवर मिणमिणेल, बल्ब बदला. आणि हिरवा मिलिटरी रंग घालवा, खाजगी वाहनाला तो कायद्यानं चालत नाही. लिलावाचा कागद मागून घ्या, आरटीओत लागेल.

जांबोटीचा शेतकरी:
काका, पाचच सोडले. बाहेरच्या बेरिंगचे तीन रोलर निळे होते, वाटीसकट नवीन घातलं. आता हातानं ढकललं की चाक गपगार फिरतंय. बुचं दोन निघाली, एक गंजून अडकलंय, त्यावर डिझेल सोडून ठेवलंय. आठ नटांवर लाल रंग मारला आणि टायरवाल्याला बोलावून दाखवला.